बिबचे पैसे नेमके कशाचे?

गोव्यात साखळीजवळ राहणाऱ्या एका तरुण शिक्षकाने विचारलं आहे. दोन वर्षं पळतोय, तीन हाफ मॅरेथॉन झाल्या, आता मुंबईची फुल मॅरेथॉन करायची इच्छा आहे. बिबसाठी, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदासाठी, नोंदणी करायला बसला आणि फी, तिच्यावर कर, पेमेंटचा वेगळा आकार, पुढे फोटोचं पॅकेज, वर प्रवास-मुक्काम, असं सगळं मांडल्यावर गप्पच झाला. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत: ‘रस्ता सरकारचा, पाय माझे, घाम माझा. मग एवढे पैसे कशाचे? दर वर्षी वाढतात ते का? ही सरळ लूट नाही का, आणि तरीही भरावेत का?’

लूट थोडी आहे. पण तुम्ही जिथे शोधताय तिथे ती नाही.

मी फोंड्याचा. पळायला लागून वीसेक वर्षं झाली आणि त्यातली बारा वर्षं गोव्यातल्या लहानमोठ्या शर्यतींचा मार्ग आखणं नि पाण्याची टेबलं सांभाळणं हे माझ्या गळ्यात आहे. म्हणजे फी भरणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहतो आणि फी घेणाऱ्यांच्या टेबलामागेही बसतो. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात.

तुमच्या वाक्यातला ‘रस्ता सरकारचा’ हा तुकडाच आधी हातात घेऊ, कारण सगळा खर्च तिथून सुरू होतो. रस्ता सरकारचा असतो, पण रविवारी पहाटे तो तुमचा नसतो. तो पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा असतो, मासळीच्या टेम्पोचा असतो, चर्चमध्ये पहिल्या मिसेला (प्रार्थनेला) निघालेल्या माणसांचा असतो. मिरामार ते दोनापावला हा आपल्या सगळ्यांचा आवडता पट्टा. पहाटे एकटं पळताना तो सरळसोट वाटतो. मार्ग आखायला वही घेऊन चालत जा, मग कळतं. प्रत्येक गल्ली, प्रत्येक सोसायटीचं फाटक, हॉटेलचा मागचा दरवाजा, समुद्राकडे उतरणारी वाट, जिथून म्हणून स्कूटर बाहेर येऊ शकते तिथे एक माणूस उभा करावा लागतो. तो साडेतीनला उठून यायला हवा, त्याला शिट्टी, जॅकेट, नाश्ता हवा आणि मुख्य म्हणजे त्याला कोकणीत गोड बोलता यायला हवं. एकदा आमच्या एका मार्शलने मिसेला निघालेल्या एका वयस्कर बाईंची स्कूटर अडवली. बाई म्हणाल्या, ‘पुता, तुजी शर्यत म्हज्या देवापरस व्हड?’ (माझ्या देवापेक्षा मोठी?) पोरगा निरुत्तर. मागचा घोळका जाईपर्यंत तोही थांबला, बाईही थांबल्या, आणि पुढच्या वर्षी आम्ही सुटण्याची वेळ वीस मिनिटांनी अलीकडे आणली, म्हणजे मिसेच्या आधी त्या कोपऱ्यावरून बहुतेक जण निघून गेलेले असतील. वीस मिनिटं अलीकडे म्हणजे जनरेटर नि दिवे वीस मिनिटं जास्त. हे असं वाढत जातं.

न्यूयॉर्कचं उदाहरण मी नेहमी देतो. तिथली मॅरेथॉन १९७० साली सुरू झाली तेव्हा प्रवेश फी होती १ डॉलर. पळायला आले १२७ जण, पोहोचले ५५. विजेत्यांना स्वस्तातली घड्याळं आणि दुसऱ्याच कुठल्या खेळाच्या जुन्या ट्रॉफ्या मिळाल्या. एक डॉलरमध्ये का भागलं? कारण शर्यत सेंट्रल पार्कच्या आत होती, बागेतच गोल गोल. शहराला तिची झळ लागली नाही. १९७६ साली ती शहराच्या पाचही बरोंमधून, म्हणजे विभागांमधून निघाली, पूल आले, चौक आले, पोलीस आले. आज परदेशातून तिथे पळायला जाणाऱ्याची फी ३०० डॉलरच्या पुढे आहे. २०२४ मध्ये तर तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने आयोजकांकडे सुमारे साडेसात लाख डॉलर मागितले. कारण काय, तर शर्यतीसाठी व्हेराझानो पूल बंद ठेवल्यामुळे बुडालेला टोल. राज्याच्या गव्हर्नरांना मध्ये पडावं लागलं. बंद रस्त्याची किंमत कधी कुणी इतकी रोखठोक काढली नव्हती. मुंबईत तुम्ही सी लिंकवरून पळाल ना, त्या पुलावर एरवी पायी पाऊल ठेवता येत नाही. बिबचे पैसे म्हणजे आधी त्या काही तासांचं भाडं.

मग पाणी. याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण इथे मी स्वतः पोळलोय.

साधा हिशेब मांडा. हाफ मॅरेथॉन, हजार धावपटू, दर दोन किलोमीटरला एक टेबल म्हणजे दहा टेबलं. प्रत्येकाने प्रत्येक टेबलावर दीडशे मिलीचे दोन ग्लास घेतले तर वीस हजार ग्लास आणि तीन हजार लिटर पाणी. वीस लिटरचे दीडशे जार. ते आदल्या रात्री जागेवर पोहोचवायचे, राखायचे (जार चोरीला जातात, हसू नका), पहाटे ग्लास भरून मांडायचे आणि शर्यत संपल्यावर तुडवलेले वीस हजार ग्लास ऊन चढायच्या आत उचलायचे. नाहीतर पुढच्या वर्षी पंचायत दारात उभं करत नाही. हे फक्त पाणी झालं. ओआरएस, केळी, संत्री, मीठ, बर्फ, स्पंज हे सगळं वेगळं.

आता आमचं पाप. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका शर्यतीत, आठशेच्या आसपास मंडळी होती, वळणावरच्या टेबलाचा हिशेब मी दोन ग्लास माणशी असाच धरला होता. त्या दिवशी ढग अडकलेले, वारा पडलेला, घाम सुकायचं नाव नाही. पुढचे दोन-तीनशे जण आले, एक ग्लास प्यायले आणि दोन डोक्यावर ओतून गेले. पावणेतीन तासांच्या घरातले लोक त्या टेबलापाशी पोहोचले तेव्हा तिथे ओल्या सतरंजीशिवाय काही नव्हतं. शर्यतीत पाण्याची सगळ्यात जास्त गरज ज्यांना असते ते शेवटचेच असतात, उन्हात तेच सापडतात. टेबलावरच्या दोन कॉलेजच्या मुली रडवेल्या झाल्या. शेवटी त्यांनी समोरच्या घराचं दार ठोठावलं. त्या घरातल्या आजींनी काही न विचारता विहिरीवर राजू-कळशी (दोर नि कळशी) नेली आणि तासभर पाणी ओढत होत्या. जे प्यायले ते अजूनही सांगतात, असं गोड पाणी कधी प्यायलो नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या वर्षी आम्ही पाणी जवळजवळ दुप्पट केलं, बर्फाची एक गाडी घेतली आणि फी वाढवली. लोक म्हणाले, ‘तुमी लेगीत मोठे जाले!’ (तुम्हीसुद्धा मोठे झालात!) ती वाढ त्या रिकाम्या टेबलाची होती, पण हे नोंदणीच्या पानावर कसं लिहिणार?

अंतर मोजण्याचाही खर्च असतो आणि तो कुणाला दिसत नाही. मान्यताप्राप्त मार्ग गाडीच्या मीटरवर किंवा मोबाइलवर मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात, स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल आधी पारखून घेतात, मग माणूस रात्री रस्ता मोकळा असताना कठड्यापासून ३० सेंटिमीटरवरून, वळणं जितकी आतून घेता येतील तितकी आतून घेत पूर्ण मार्ग चालवतो. टायरमधली हवा तापमानाने फुगते-आक्रसते, म्हणून मोजून झाल्यावर परत पारखायचं. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरला एक मीटर जादा धरायचा, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या फुलमध्ये ४२ मीटर वर. एवढं करूनही शर्यतीनंतर निरोप येतोच, ‘सर, माझ्या घड्याळात २१.४ आलं, तुमचा मार्ग चुकलाय.’ घड्याळ उपग्रहाकडे बघतं आणि तुम्ही रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला नागमोडी पळता, दोष सायकलवाल्याला.

वैद्यकीय व्यवस्थेबद्दल घासाघीस करू नका, कुठल्याच शर्यतीत. रुग्णवाहिका नुसती उभी राहण्याचेही पैसे घेते आणि तिने नुसतं उभं राहूनच परत जावं ही आमची प्रार्थना असते. हृदय बंद पडलं तर डीफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदय सुरू करणारं यंत्र) मिनिटांत पोहोचायला हवा, उष्माघात झाला तर बर्फाच्या पाण्याचा टब जागेवर हवा. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळापर्यंत नेऊ म्हणून चालत नाही. आणि २०१३ साली बॉस्टनच्या अंतिम रेषेपाशी बाँबस्फोट झाल्यापासून जगभरच्या मोठ्या शर्यतींत बंदोबस्ताचा खर्च जो चढला तो परत उतरलेला नाही.

पण आता खरी गोम. हे सगळे खर्च खरे असले तरी मोठ्या शहराची फी केवळ त्यांच्यामुळे वाढत नाही. ती रांगेमुळे वाढते.

लंडन घ्या. १९८१ साली सुरू झालेली शर्यत. २०२५ मध्ये तिथे ५६ हजारांहून जास्त लोकांनी शर्यत पूर्ण केली, आणि २०२६ च्या सोडतीला अर्ज आले ११ लाखांच्या वर. रस्त्याची रुंदी तेवढीच, माणसं वीसपट. अशा ठिकाणी आयोजकाने फी थोडी वाढवली म्हणून एक तरी जागा रिकामी राहील का? मुंबईचं तसंच. २००४ साली सुरू झाली, जानेवारीचा तिसरा रविवार ठरलेला. देशात दुसरीकडे कुठेही पळालेला माणूस एकदा तरी ‘मुंबई’ करायची म्हणतो. मागणी अशी असली की फी खर्चाला बांधलेली राहत नाही.

उलट लहान शर्यतीचं गणित बघा. रस्ता बंद करण्याचा, मोजण्याचा, रुग्णवाहिकेचा खर्च तीनशे लोकांना जवळजवळ तेवढाच येतो जेवढा तीन हजारांना. म्हणजे न्यायाने आमची फी माणशी मुंबईपेक्षा जास्त हवी. ती नसते, कारण आमचे मार्शल फुकट, टेबलावरच्या मुली फुकट, माझी बारा वर्षं फुकट, आणि मंडप कुणाच्या तरी मेव्हण्याचा. मोठ्या शर्यतीत हे प्रत्येक काम पगारी माणूस करतो. उरलेला मोठा भार प्रायोजक उचलतो. प्रायोजकाने हात आखडता घेतला की पुढच्या वर्षी तो फरक तुमच्या फीमध्ये दिसतो, हे मी गोव्यातच दोनदा पाहिलंय.

‘आमच्या पैशांतून केनिया-इथिओपियाच्या धावपटूंना बक्षिसं’ ही तक्रारही नेहमीची. मुंबईची बक्षिसांची एकूण रक्कम पावणेचार लाख डॉलरच्या पुढे असते, खरं आहे. पण ते धावपटू येतात म्हणून शर्यतीला दर्जा मिळतो, दर्जा आहे म्हणून ती टीव्हीवर दिसते, टीव्हीवर दिसते म्हणून प्रायोजक येतो. ते आले नाहीत तर तुमची फी कमी होईल असं मला वाटत नाही, वाढेलच बहुधा. शिवाय आपली ललिता बाबर याच शर्यतीत भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा पहिली आली, मग २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पळाली. माणदेशातल्या मुलीला अशी मोठी शर्यत घराजवळ मिळणं याला किंमत आहे.

आता लूट कुठे आहे ते सांगतो. पहिली, परतावा नाही हे कलम. माझी पोटरी एका वर्षी शर्यतीच्या सात आठवडे आधी फाटली. बाहेरच्या राज्यातली एक मोठी शर्यत होती, डॉक्टरांच्या कागदासह लिहिलं, पुढच्या वर्षीवर ढकला एवढंच मागितलं. उत्तर आलं ते नियमावलीतला परिच्छेद जसाच्या तसा. वर ‘प्रिय चॅम्पियन’. माझी जागा रिकामी राहिली, माझं टी-शर्ट, माझं पाणी, माझं पदक सगळं वाचलं आणि पैसेही त्यांच्याकडेच. ज्या शर्यती पुढच्या वर्षीवर ढकलू देतात किंवा थोडे पैसे कापून परत करतात, त्यांची फी दोनशे रुपये जास्त असली तरी मी त्यांच्याकडे आधी जातो. दुसरी, ‘अर्ली बर्ड’. सात-आठ महिने आधी तुमचे पैसे घेऊन ठेवायचे आणि वर सवलत दिली असं म्हणायचं; तोवर तुमचा गुडघा कसा असेल ते तुम्हालाही माहीत नसतं. तिसरी, गळ्यात मारलेलं टी-शर्ट. माझ्याकडे इतकी आहेत की स्कूटर पुसायला मी दर रविवारी वेगळं वापरतो. टी-शर्टशिवाय नोंदणी असा पर्याय दिला तर निम्मे जुने धावपटू तोच घेतील. आणि फीवर १८ टक्के जीएसटी. अडीच हजारांच्या फीवर साडेचारशे. तो आयोजकाच्या खिशात जात नाही, पण शिव्या त्यालाच पडतात.

आपल्याकडे अजून एक गोष्ट घडतेय आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. गोव्यात पळायला आता बाहेरून लोक येतात. सुट्टी अधिक शर्यत असा बेत असतो, हॉटेलवर हजारो घालवणाऱ्याला फीचे चारशे रुपये वर-खाली जाणवत नाहीत. २०१९ पासून मिरामारला आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल नि पळणं अशी तिहेरी शर्यत होते, तिची फी पाच आकडी. ती असू दे, तो खेळच सायकलीपासून महाग. पण त्या वाऱ्याने साध्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचे भावही पर्यटकाच्या खिशाला बेतले जाऊ लागलेत. सत्तरी तालुक्यात वाळपईच्या बाजूची पोरं अनवाणी माझ्यापुढे निघून जातात, आणि पणजीच्या शर्यतीत ती दिसत नाहीत. आम्ही आमच्या शर्यतीत काही जागा गावच्या शाळांसाठी नाममात्र फीवर ठेवतो, टी-शर्ट नाही, पदक आहे. आयोजक म्हणून यापेक्षा सोपं पुण्य मला ठाऊक नाही.

तर तुमचा हिशेब. कागदावर सगळं उतरवून बघा: फी हा त्यातला लहान आकडा निघेल. बूट पाच-सातशे किलोमीटरला बसतात आणि फुलच्या तयारीत एक जोड जातोच. मुंबईला आधीच्या शर्यतीच्या वेळेचा दाखला मागतात, तुमच्या हाफचं प्रमाणपत्र त्यांच्या मुदतीत बसतं का ते आधी तपासा, नाहीतर त्यासाठी आणखी एक शर्यत आली. बिब स्वतः जाऊन घ्यावं लागतं, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, म्हणजे गोव्याहून जाणाऱ्याला शनिवारी सकाळी तिथे असणं भाग आहे. एक-दोन रात्रींचा मुक्काम, एखादी रजा. नातेवाईक गिरगावात असतील तर सोन्याहून पिवळं. डोंबिवलीत असतील तरी चालेल, त्या रविवारी पहाटे शर्यतीसाठी खास लोकल सोडतात. नोंदणी पावसाळ्यात, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आगेमागे उघडते, आणि माटोळी, फटाके, पाहुणे यांच्या खर्चातच ती येते हे बायकोला आधी सांगून ठेवा. मी एका वर्षी सांगितलं नव्हतं.

भरावेत का? माझं मत, एकदा भराच. पहिली फुल शहरात करावी, जिथे रस्त्यावर माणसं असतात. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ येतो. तिथे पाय जे म्हणतात ते ऐकलं तर कुणीच पोहोचणार नाही. पण दोन्ही बाजूंना लोक उभे असतात, आजोबा खुर्ची टाकून बसलेले असतात, पोरं ताटात संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन धरत असतात, बिबवरचं नाव वाचून हाक मारतात. फर्मागुढीच्या चढावर रोज एकट्याने दम खाल्लेल्या माणसाला हे काय वाटतं ते सांगून कळत नाही. त्या चढावर पहिल्या वर्षी मला फीचा विसर पडला होता. दुसऱ्या वर्षी पडला नाही, म्हणून म्हणतो की दर वर्षी जायची गरज नाही. पुढची वर्षं जवळपास काढा. डिसेंबरात चिखलीला गोवा रिव्हर मॅरेथॉन आहे, घाटाची हौस असेल तर सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ, मात्र तिची नोंदणी झटपट भरते.

एक कडक सूचना. नोंदणी हुकली किंवा पैसे वाचवायचे म्हणून दुसऱ्याचं बिब घेऊन पळू नका. बिबच्या मागे त्या माणसाचा रक्तगट, त्याचा संपर्क असतो. तुम्ही कोसळलात तर डॉक्टर त्याच्या घरी फोन करणार. आमच्या एका शर्यतीत असं झालंय. जो घरी चहा पीत बसला होता त्याच्या आईला मुलगा बेशुद्ध असल्याचा फोन गेला. चारशे रुपये वाचवायच्या नादात.

गाडीचं बघा. आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर. शुक्रवारी संध्याकाळची कोकणकन्या धरा, शनिवारी पहाटे सीएसएमटीला, शर्यत तिथूनच सुटते, जागा पाहून घ्या आणि मग बिब आणायला जा. परतीची रविवारी रात्री अकराच्या सुमाराची. जाताना कुठलाही बर्थ चालेल, येताना मात्र लोअरच घ्या, अपरवर चढायचे पाय त्या रात्री तुमच्याकडे नसतील. आणि थिवीला गाडी फार वेळ थांबत नाही. स्टेशन यायच्या दहा मिनिटं आधी उठून दाराशी येऊन उभे राहा, पायऱ्या उतरताना उलटे उतरा, तोंड डब्याकडे करून. लोक हसतील, हसू देत.